वाचकांचे प्रश्न : वादक दिसतो, वाद्य ऐकू येत नाही

गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या काही चित्रपटप्रेमी मंडळींनी एका छोट्या सभागृहात संगीतकारांची मूक चित्रपट-व्यक्तिचित्रे दाखवली. न्यूयॉर्क, पॅरिस, ब्रुसेल्स अशा ठिकाणी निरनिराळ्या दशकांत झालेले हे प्रयोग होते. निवेदनाचे काम माझ्याकडे असल्यामुळे त्यानंतरची पत्रे साहजिकच या सदराकडे वळली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे. मात्र त्या पत्रलेखकांनी मूळ मुद्द्यालाच हात घातला असल्याने ते आटोपते घेणे शक्य झाले नाही.

प्रश्न : गेली तीस वर्षे मी शास्त्रीय संगीताच्या बैठकी ऐकतो आहे. त्या दिवशी पडद्यावर चार-चार मिनिटे नुसते एकेकाचे तोंड दिसत होते आणि ते गायक-वादक आहेत हे आपण सांगितलेत म्हणून कळले. गायकाला गाऊ द्यायचे नाही, वादकाच्या हाती वाद्य द्यायचे नाही आणि वर चित्रपटही मूक ठेवायचा, म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे छायाचित्र दाखवण्यासारखे झाले. त्या काळी तिकडे ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती काय?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सरळ आहे. सोय होती. आपण पाहिलेली चेहऱ्यांची मालिका अँडी वॉरहॉल या चित्रकाराने १९६४ ते १९६६ या काळात न्यूयॉर्कमधल्या आपल्या ‘फॅक्टरी’ नावाच्या स्टुडिओत चित्रित केली. तिला पुढे ‘स्क्रीन टेस्ट’ हे नाव पडले आणि तिच्यातली ४७२ रिळे आज शिल्लक आहेत. तोवर बोलपटाला तीनएक दशके उलटून गेली होती. आपल्या कोल्हापुरात प्रभातने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलका केला होता आणि त्यात गोविंदराव टेंबे यांच्यासारखा नामवंत पेटीवादक हरिश्चंद्राची भूमिका करत होता. खुद्द वॉरहॉलने १९६४ सालच्या अखेरीस आवाज टिपणारा कॅमेरा हाती घेऊन बोलके चित्रपट सुरू केले होते. तरीही या चेहऱ्यांसाठी तो तिपाईवरचा मूक बोलेक्स कॅमेराच वापरत राहिला. अडचण म्हणून मौन पत्करणे आणि हाती आवाज असताना मौन निवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे दुसरी घडली आहे.

आता रश्श्याकडे येऊ. आपली उपमा झणझणीत आहे, पण ती लागू पडण्यासाठी गायकाचा चेहरा ही त्याच्या गाण्याची नक्कल आहे असे मानावे लागेल. आपल्या परंपरेत गायकाच्या चेहऱ्याचा विचार मुख्यतः दोष म्हणून होतो. तान घेताना तोंड वाकडे झाले, भुवया चढल्या, मान एका बाजूला गेली की त्याला मुद्रादोष म्हणतात आणि गुरू तो काढून टाकायला सांगतात. चेहऱ्याने गाण्याच्या आड येऊ नये, एवढीच आपली अपेक्षा असते. बैठकीत आपले कान इतके गुंतलेले असतात की समोर बसलेल्या माणसाकडे आपण तास-दोन तास तोंड करून बसतो, पण त्याला पाहत नाही. हे मी स्वतःवरून सांगतो आहे. आपला अनुभव वेगळा असेल तर जरूर कळवावे.

या मालिकेत लू रीड, जॉन केल, निको ही ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या वाद्यवृंदाशी संबंधित मंडळी आहेत, बॉब डिलनही आहे. लू रीडचे एक रीळ मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. डोळ्यांवर काळा चष्मा आणि हातात कोका-कोलाची काचेची बाटली. तो ती ओठांना लावतो, पितो, खाली घेतो. घडते एवढेच. पण बाटली वर जाताना तिची चकाकी काचेवरून कशी घरंगळते आणि घोट उतरताना गळा कसा हलतो, हे पाहता पाहता आपल्या लक्षात येते की हा गाणारा गळा आहे आणि गाण्याखेरीज गळा काय करतो हे आपण कधी पाहिलेलेच नाही. आवाज असता तर आपण तो ऐकला असता आणि गळा हुकला असता.

अर्थात नुसते मौन एवढे काम करू शकत नाही. खरी मेख वेगात आहे. सोळा मिलिमीटर फिल्मचे एक रीळ १०० फुटांचे असते, दर फुटाला ४० फ्रेम, म्हणजे एकूण ४,००० फ्रेम. वॉरहॉलने चित्रीकरण सेकंदाला २४ फ्रेम या बोलपटाच्या वेगाने केले, म्हणजे रीळ सुमारे २ मिनिटे ४७ सेकंदांत संपले. दाखवताना मात्र ते मूकपटाच्या वेगाने, सेकंदाला १६ फ्रेमने, दाखवायचे असा त्याचा दंडक होता. तेच रीळ आता ४ मिनिटे १० सेकंद चालते. २४ आणि १६ यांचे प्रमाण तीनास दोन. जगण्यातल्या दोन मात्रा पडद्यावर तीन मात्रांत पसरतात. आपल्यासारख्या जुन्या श्रोत्याला हे आड लयीचे उलटे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. त्या दिवशी पडद्यावरची माणसे संथ दिसली नाहीत, पण काहीतरी पाण्याखाली चालले आहे असे वाटले, असे पुष्कळांनी सांगितले. ते या दीडपटीमुळे. पापणी एरवी पडून उठते तरी कळत नाही. इथे ती पडताना दिसते, मिटलेली दिसते आणि उघडतानाही दिसते. म्हणून संगीत या चित्रपटांत अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. स्वर नाही, पण लय आहे, आणि ती मुद्दाम विलंबित केलेली आहे.

या कल्पनेचा उगम काहीसा विचित्र आहे. १९६४ सालच्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी वॉरहॉलने पोलिसांना हव्या असलेल्या तेरा गुन्हेगारांची छायाचित्रे मोठी करून एका भिंतीवर लावली होती. समोरून घेतलेला चेहरा, साधी पार्श्वभूमी, हसायचे नाही, हलायचे नाही, ही पोलिसी छायाचित्राची शिस्त त्याने पुढे मित्रांना, कवींना, वादकांना लावली. काही रिळांत पापणी न लवू देण्याचीही सूचना असे. मंचावर बिनधास्त वावरणारा माणूस दोन-तीन मिनिटे नुसते बसायचे म्हटल्यावर कसा बिचकतो, ते अशा रिळांत स्पष्ट दिसते. त्याला वाजवता येत नाही, बोलता येत नाही, उठता येत नाही. तानपुरे जुळत असताना गायकाच्या चेहऱ्यावर जे काही चाललेले असते आणि पहिला षड्ज लागताच जे नाहीसे होते, तेवढाच भाग कुणी जपून ठेवावा तसा हा प्रकार आहे. अखेरीस रीळ संपत येते, प्रकाश आत शिरून चेहरा पांढऱ्या ठिपक्यांत विरतो, आणि तेही कापून टाकलेले नसते. शंभर फूट म्हणजे शंभर फूट. संकलकाची कात्री नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्याच गावातली आहे. उस्ताद अल्लादिया खाँ राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात होते, जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी त्यांनी इथून महाराष्ट्रभर पसरवली, आणि त्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण मागे नाही. छायाचित्र आहे. डोक्यावरचे पागोटे, ती करडी नजर, मिटलेले ओठ. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी किंवा गाण्याच्या वर्गात ते भिंतीवर असते, त्याला हार घातला जातो, शिष्य त्याच्यासमोर रियाज करतात. आवाज कधी न ऐकलेल्या गायकाच्या चेहऱ्यासमोर बसण्याची सवय कोल्हापूरकराला आधीपासून आहे. ते छायाचित्र चार मिनिटे दहा सेकंद पापण्या हलवत बसले असते, तर आपण तक्रार केली असती काय?

आपल्या तक्रारीतला एक भाग मात्र मला मान्य आहे. चारशे बहात्तर रिळांपैकी पुष्कळ रिळे कंटाळवाणी आहेत, आणि त्यांच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की तो कंटाळा कबूल करण्याचीही लोकांना भीती वाटते. समोरच्या माणसात काही चाललेले नसेल तर लय दीडपट करून उपयोग होत नाही. निवड करताना आम्ही आणखी दोन रिळे वगळायला हवी होती.

प्रश्न : माझ्या मोबाइलमध्ये स्लो मोशनची सोय आहे. मित्राचे गिटारवादन मी तिने चित्रित केले, आवाज बंद केला, पण आपण दाखवलेल्या चित्रपटांसारखा परिणाम आला नाही; क्रिकेटचा रिप्ले पाहिल्यासारखे वाटले. कुठे चुकले?
— एक विद्यार्थी, शाहूपुरी

उत्तर : चूक प्रमाणाची आहे. मोबाइलमध्ये वेग सहसा चौपट किंवा आठपट खाली येतो. इतका फरक डोळ्याला ताबडतोब कळतो आणि आपण माणूस पाहायचे सोडून करामत पाहू लागतो. वॉरहॉलचा फरक निम्म्याहूनही कमी होता, म्हणून तो लपतो. साध्या वेगाने चित्रित करून संगणकावर गती दोन-तृतीयांश करून पाहा. मूक प्रायोगिक चित्रपट आजही बऱ्याचदा सेकंदाला १८ फ्रेमने दाखवले जातात. २४ फ्रेमने टिपलेले १८ ने दाखवले तर ती पाऊण लय होते आणि बारीक वादनासाठी मला ती जास्त आवडते.

याचा अर्थ अति संथ गती सर्वस्वी वाया असते असा नाही. ती वापरायची तर पार टोकापर्यंत न्यावी लागते. जपानी संगीतरचनाकार मिएको शिओमी यांनी १९६४ साली चेहऱ्यासाठी एक ‘रचना’ लिहिली. तिचा आशय एवढाच की हास्यापासून सुरुवात करायची आणि हळूहळू हसू थांबवायचे. फ्लक्सस या प्रयोगशील मंडळींच्या गटाने १९६६ साली ती चित्रित केली. कॅमेरा सेकंदाला २,००० फ्रेम टिपणारा, चेहरा कलावंत योको ओनो यांचा, त्यातही केवळ तोंडाभोवतीचा भाग. सुमारे आठ सेकंदांत मावळलेले हसू पडद्यावर अकरा मिनिटांहून अधिक काळ मावळत राहते. हालचाल दिसत नाही. दर वेळी नजर टाकावी तर ओठ आधीपेक्षा वेगळे झालेले असतात. संगीतरचनाकाराने लिहिलेली, स्वरलिपीऐवजी सूचना असलेली आणि ऐकू न येणारी ही रचना, पण तिच्या नावातच ‘म्युझिक’ हा शब्द आहे, यात मला काही वावगे वाटत नाही. दोन वर्षांनी योको ओनो यांनी जॉन लेननचा चेहरा याच पद्धतीने टिपला आणि काही मिनिटांचे चित्रण ५१ मिनिटांपर्यंत लांबवले. ते पूर्ण पाहण्याचा आग्रह मी कुणालाही करणार नाही.

जाता जाता एक कबुली. काही वर्षांपूर्वी वॉरहॉलचे एक रीळ मी विद्यार्थ्यांना दाखवले, त्यावर तासभर बोललो, आणि घरी आल्यावर घड्याळ लावून पाहिले तेव्हा कळले की माझ्याकडची प्रत २४ च्या वेगाने उतरवलेली होती. चार मिनिटांची गोष्ट पावणेतीन मिनिटांत संपली होती आणि ‘या संथपणाकडे पाहा’ असे मी सांगत होतो. विद्यार्थी सभ्य होते, त्यांनी माना डोलावल्या.

प्रश्न : शेवटच्या दोन चित्रपटांच्या वेळी कुणीतरी पाठीमागून बासरीची ध्वनिफीत लावली. मी तबला वाजवतो. ताल कुठेच जुळत नव्हता, तरी शेजारचे लोक म्हणाले की आता बरे वाटते. बाबूराव पेंटरांच्या मूकपटांच्या काळी पडद्याजवळ पेटी-तबला असायचाच, मग यात आक्षेपार्ह ते काय?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : ध्वनिफीत लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता, प्रेक्षकांना कंटाळा येऊ नये एवढाच, तरीही ती लावायला नको होती. आपण दिलेला दाखला मात्र इथे लागू होत नाही. पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा १९२० सालचा ‘सैरंध्री’ किंवा १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ हे चित्रपट आवाजाची सोय नव्हती म्हणून मूक होते, आणि पडद्याजवळचे वादक हा त्या खेळाचाच भाग होता. प्रेक्षक, निर्माता, थिएटरवाला सगळ्यांनी तो गृहीत धरलेला असे. आपण पाहिलेले चित्रपट मात्र शांतता गृहीत धरून घडवलेले आहेत. ऑस्कर फिशिंगर या जर्मन चित्रकर्त्याची हयात चित्र आणि संगीत यांची सांगड घालण्यात गेली, पण १९४२ सालच्या एका रंगचित्रपटाच्या आरंभीच त्याने सूचना लिहिली की कृपा करून संगीत नको.

अमेरिकी चित्रकर्ता स्टॅन ब्रॅकेज याचे उदाहरण तर आपल्या प्रश्नाला चपखल बसते. त्याच्या १९५२ सालच्या पहिल्या चित्रपटाला जेम्स टेनी या मित्राने संगीत दिले होते. हा टेनी पुढे मोठा संगीतरचनाकार झाला आणि संगणकावर संगीत रचणाऱ्या आरंभीच्या लोकांत गणला गेला. ब्रॅकेजला मात्र हळूहळू वाटू लागले की आवाज नजरेला दावणीला बांधतो, आणि त्याने बहुतेक चित्रपट पूर्ण मूक केले. १९५९ सालच्या एका छोट्या चित्रपटात तोच टेनी पडद्यावर आहे. सहाएक मिनिटांत तांबूस प्रकाशात त्याचा चेहरा, हात, घरातली माणसे, मांजर यांचे क्षणभराचे तुकडे येत-जात राहतात, आणि ध्वनिपट्टीवर एकही स्वर नाही. ज्याने संगीत दिले त्याच्यावरच मूक चित्रपट. ब्रॅकेजचे म्हणणे असे की चित्रपट ही मुळात संगीताच्या सर्वांत जवळची कला आहे आणि म्हणूनच तिला संगीताची फोडणी लागत नाही. त्याच्या चित्रपटांत संकलनाची लय इतकी नेमकी असते की वर बासरी लावणे म्हणजे आपण त्रितालात ठेका धरलेला असताना कुणी शेजारी बसून झपताल वाजवण्यासारखे आहे.

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. वॉरहॉल स्वतः इतका सोवळा नव्हता. १९६६ साली व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या कार्यक्रमांत वाद्यवृंद वाजवत असताना त्यांच्याच अंगावर आणि पाठीमागे असे चेहरे प्रक्षेपित केले जात, म्हणजे वादक आपल्याच मूक चेहऱ्यासमोर उभा राहून वाजवत असे. २००८ साली डीन वेअरहॅम आणि ब्रिटा फिलिप्स या गायक-वादक जोडप्याने तेरा रिळांसाठी गाणी रचली. ती चांगली आहेत, पण ती ऐकताना मी चेहरा विसरतो.

आणि सगळ्यांत जुने उदाहरण पॅरिसचे. १९२४ साली फ्रेंच दिग्दर्शक रने क्लेरने एका बॅलेच्या मध्यंतरासाठी एक खट्याळ मूकपट काढला. बॅलेचे संगीतरचनाकार एरिक साती आणि चित्रकार पिकाबिया हे दोघे त्यात नाट्यगृहाच्या गच्चीवर तोफेजवळ संथ गतीने टुणटुण उड्या मारताना दिसतात. छत्री, गोल टोपी, दाढी. साठीच्या उंबरठ्यावरचा गृहस्थ जमिनीवरून उचलला जातो आणि सावकाश खाली येतो. या मूकपटासाठी सातीने दृश्यांची लांबी मोजून संगीत रचले आणि ते नाट्यगृहात प्रत्यक्ष वाजवले गेले. तेव्हा तिथे संगीत लावणे केवळ योग्यच नव्हे तर आवश्यक आहे, फक्त ते सातीचेच हवे. (बॅलेचे नाव ‘रलाश’, म्हणजे ‘आज प्रयोग नाही’. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी प्रमुख नर्तक आजारी पडला आणि प्रयोग खरोखरच झाला नाही. लोकांना ती थट्टा वाटली.) सात महिन्यांच्या आत साती वारला. त्याच्या रचना आज जगभर वाजतात, पण मला सातीचे नाव ऐकले की आधी ती उडी आठवते.

प्रश्न : या पाश्चात्त्य मंडळींचा आपल्या संगीताशी काही संबंध आला होता का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : आला होता, आणि तो आपल्या गावापासून फार दूर नाही. वॉरहॉलच्या रिळांतला जॉन केल हा आधी ला माँट यंग या रचनाकाराच्या चमूत व्हायोलाचा एकच स्वर दीर्घकाळ धरून ठेवण्याचे काम करत असे. १९६४ साली न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात वॉरहॉलच्या मूक चित्रपटांचे तुकडे छोट्या पडद्यांवर फिरत होते, तेव्हा त्यांच्यासोबत वाजलेला कर्कश, अखंड नाद या यंगचाच होता. यंगला अखंड स्वराची ओढ लागण्यात अली अकबर खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकेतल्या तानपुऱ्याचा वाटा होता, आणि १९७० साली त्याने किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्यत्व पत्करले. किराणा म्हटले की आपल्याकडे अब्दुल करीम खाँ आणि मिरज आठवणार, आणि मिरज म्हटले की तानपुरे. तानपुऱ्याकडे चार मिनिटे कान देऊन बसलेल्या माणसाला स्थिर चेहऱ्याकडे चार मिनिटे पाहण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही.

प्रश्न : एका चित्रपटात पियानोवादक नुसता बसून होता आणि नंतर तेच पुन्हा दाखवले, दुसऱ्या वेळी आवाजही नव्हता. पहिल्या वेळीही तो काही वाजवत नव्हता, मग फरक काय पडला?
— एक वाचिका, कसबा बावडा

उत्तर : फार, आणि आपण तो सभागृहातच अनुभवला असणार. अमेरिकी संगीतरचनाकार जॉन केज याची चार मिनिटे तेहेतीस सेकंदांची रचना १९५२ साली प्रथम सादर झाली. तिचे तीन भाग आहेत आणि तिन्हींत वादकाने काही वाजवायचे नसते. त्या वेळात आजूबाजूचे जे ऐकू येईल ते संगीत. मॅनोन द बोअर या चित्रकर्तीने २००८ साली ब्रुसेल्समध्ये झाँ-ल्यूक फाफशाँ या पियानोवादकाकडून ती प्रेक्षकांसमोर दोनदा करवून घेतली. पहिल्यांदा कॅमेरा वादकावर स्थिर आहे आणि खोलीतले, बाहेरचे आवाज ऐकू येतात. दुसऱ्यांदा आवाज काढून टाकला आहे, फक्त भाग बदलताना वादक घड्याळाची कळ दाबतो तेवढी टक् राहते, आणि कॅमेरा ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून सरकत जातो.

पहिल्या वेळी शांतता होती, तीत खुर्ची करकरत होती, वारा होता. दुसऱ्या वेळी ध्वनिपट्टीवर त्या टक् खेरीज काहीच नाही, त्यामुळे आपल्याच सभागृहातला पंखा, रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न आणि मागच्या रांगेतला खोकला त्या जागी येऊन बसला. म्हणजे केजची रचना त्या संध्याकाळी कोल्हापुरात सादर झाली आणि तिच्यातला एक खोकला माझा होता. संगीतकाराच्या मूक चित्रपटाविषयी माझे जे म्हणणे आहे ते इतके स्वच्छ दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात मला दिसलेले नाही. आवाज काढून घेतला की पडद्यावर वाजवणारा उरत नाही, ऐकणारा उरतो. फाफशाँ तिथे ऐकतो आहे, त्याचे श्रोते ऐकत आहेत, आणि नाइलाजाने आपणही.

प्रश्न : भारतात असे काही झाले आहे का?
— दोन-तीन वाचक

उत्तर : आपल्या प्रयोगशील दिग्दर्शकांनी संगीतकारांकडे पाहिले ते बहुतांशी आवाजाला धरून. मणी कौल यांचा ‘ध्रुपद’ (१९८२) आणि कुमार शहानी यांचा ‘ख्याल गाथा’ (१९८९) हे दोन्ही चित्रपट अवश्य पाहावेत. ‘ध्रुपद’मध्ये डागर बंधूंचा आलाप चालू असताना कॅमेरा भिंती, अंगण, खांब यांच्याकडे ज्या धीराने पाहतो, तो धीर या मूक चित्रपटांचा सख्खा भाऊ आहे. पण ते मूक नाहीत.

प्रश्न : माझे वडील पेटी वाजवतात. वय झाले आहे, हात पूर्वीसारखा चालत नाही, आणि चुका होतात म्हणून ते ध्वनिमुद्रण करू देत नाहीत. आपला कार्यक्रम पाहिल्यावर मी त्यांना म्हटले की आवाज घेणार नाही, फक्त चित्र घेते, तर ते तयार झाले आहेत. कसे करावे?
— एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर : आपल्या वडिलांनी होकार दिला यातच निम्मे काम झाले. शब्द दिला आहे तर तो पाळावा. आवाज नंतर काढून टाकू म्हणून आत्ता टिपून ठेवू नये. त्यांच्या बसण्यातला मोकळेपणा त्यावरच अवलंबून राहील.

मोबाइल तिपाईवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर घट्ट ठेवा, हातात धरू नका. उजेड एकाच बाजूने येऊ द्या. वॉरहॉल दिवा एका अंगाला ठेवत असे तो याच कारणासाठी, अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा सावलीत राहिला की बारीक हालचालही दिसते. दिव्यापेक्षा पश्चिमेची खिडकी चांगली. किरणोत्सवात मावळतीचे किरण अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत कसे चढतात हे आपण पाहिलेच असेल. संध्याकाळी घरातही उजेड तसाच सरकत असतो, आणि तीन-चार मिनिटांत त्याचे सरकणे पकडता येते.

पहिले चित्रण चेहऱ्याचे करा आणि त्या वेळी त्यांना वाजवायला सांगू नका. कुणाचे तरी वादन लावा आणि ऐकायला सांगा. जाणकार माणूस सम येण्याच्या किंचित आधी हनुवटी खाली घेतो, ती आपल्याला मिळेल. दुसरे चित्रण हातांचे. उजव्या हाताचा मोह टाळा, तो सगळेच टिपतात. डावा हात भात्यावर असतो आणि आवाज नसला की भाता श्वासासारखा दिसू लागतो. एखादा स्वर लांबवायचा असेल तर बोटे भात्याला कशी जपून दाबतात आणि चूक झाल्यावर भाता कसा क्षणभर अडखळतो, हे ऐकताना कधी लक्षात येत नाही. त्या चुकीची त्यांना भीती आहे. चित्रात ती चूक म्हणून दिसणार नाही.

मध्ये थांबवू नका, दुसऱ्यांदा करायला लावू नका. आणि वाजवून झाल्यावर ते भाता मिटतील, खिट्टी लावतील, पेटीवरून एकदा पंचा फिरवतील, तेवढ्यात घाईने बंदचे बटण दाबू नका. ते उठून चौकटीबाहेर गेल्यावरही मिटलेली पेटी अर्धा मिनिट तशीच टिपू द्या.